हिराबोळ, हिंग आणि नऊ फुटांचं रिंगण

काळ्या जादूची पोथी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमावास्या, स्मशान, कवटी, टाचण्या टोचलेलं लिंबू अशी सगळी मांडामांड आपोआप होते. युरोपातल्या जुन्या जादूपोथ्या, ज्यांना फ्रेंचमधल्या नावाने ग्रिम्वार म्हणतात, त्या उघडून बसलं तर निम्मी पोथी सरेपर्यंत भूत काही येत नाही. उपास नऊ दिवसांचा, त्यातले शेवटचे तीन कडक. स्नान मीठ घालून मंतरलेल्या पाण्याने. लेखणी हंसाच्या नर पिलाच्या उजव्या पंखातल्या तिसऱ्या पिसाची. मेणबत्ती कोऱ्या मेणाची, अर्ध्या पौंडाची, बुधवारी बुधाच्या होऱ्यात वळलेली. शिवाय स्तोत्रं, प्रार्थना, पापांची कबुली. सैतानाच्या भेटीला निघालेला माणूस वाटेत इतका देवाचा धावा करतो, की पोथी चुकून चर्चच्या कपाटातून आली असावी असं वाटतं.

ती तिथूनच आली होती. मध्ययुगीन चर्चमध्ये पाद्री होण्याच्या वाटेवर जे कनिष्ठ दर्जे असत, त्यांत भूत उतरवणाऱ्याचा एक दर्जा होता. तो मिळताना मंत्रांचं पुस्तक हातात दिलं जाई. म्हणजे लॅटिन वाचता येणारे, भुताला हुकूम सोडण्याचं शब्दशास्त्र शिकलेले आणि नीट पोटापाण्याचं पद न मिळालेले कितीतरी तरुण गावोगाव फिरत होते. म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात 849 क्रमांकाचं एक लॅटिन हस्तलिखित आहे, 15व्या शतकातलं. रिचर्ड कीकहेफर या अभ्यासकाने ते 1997 मध्ये संपादित केलं. त्यातले मंत्र चर्चमधल्या भूत उतरवण्याच्या मंत्रांसमोर ठेवले तर क्रियापद एकच दिसतं, शपथांची उतरंड एकच दिसते. चर्चमध्ये 'बाहेर हो' म्हणायचं, इथे 'समोर ये' म्हणायचं, एवढाच फरक.

आणि बोलावून काम काय सांगायचं? पुरलेलं धन, चोराचा पत्ता, एखाद्या बाईचं मन, दरबारातली मर्जी. म्युनिकच्या पोथीत हवेतला किल्ला उभा करण्याचा आणि उडता घोडा मिळवण्याचा प्रयोग आहे, पण रोजच्या उपयोगाचा प्रयोग चोर शोधण्याचा. त्यासाठी लहान मुलगा लागतो. त्याच्या अंगठ्याच्या नखाला तेल लावून चकचकीत करायचं आणि मंत्र म्हणत विचारायचं, काय दिसतं? अंजन घालून पायाळू माणसाला धन दाखवायला लावण्याची आपल्याकडची समजूत ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. इजिप्तमधल्या ग्रीक भाषेतल्या जादूच्या कागदांतही दिव्याकडे किंवा तेलाच्या भांड्यात बघणारा मुलगा आहे. कायद्यांनाही हा धनाचा हव्यास नेहमीच दिसत आला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या 1542 च्या जादूविरोधी कायद्यात भुतांना बोलावून धन शोधणं स्वतंत्रपणे नोंदलं होतं, आणि महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार आहेत.

साहित्याकडे वळू, कारण या पोथ्यांचा जीव त्यातच आहे. 'शलमोनाची किल्ली' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. शलमोन राजाचं नाव शोभेचं. सर्वांत जुन्या नातेवाईक पोथ्या ग्रीक आहेत, आणि जिला 'मूळ हिब्रू' म्हणून पुढे केलं गेलं ती हिब्रू प्रत बरीच उशिराची, युरोपीय भाषांतून फिरून हिब्रूत गेलेली. या किल्लीत दोन सुऱ्या लागतात. पांढऱ्या मुठीची सुरी बुधाच्या दिवशी, बुधाच्या होऱ्यात करायची. पातं तीनदा लाल होईपर्यंत तापवायचं आणि दर वेळी हंसाच्या पिलाचं रक्त आणि पिंपरनेल नावाच्या रानरोपाचा रस यांत विझवायचं. काळ्या मुठीची शनीच्या दिवशी, आणि तिला काळ्या मांजराचं रक्त आणि हेमलॉकचा विषारी रस. रिंगण आखायचं ते काळ्या मुठीने. रक्ताचा भाग बाजूला ठेवला तर यात लोहाराची रीत जशीच्या तशी आहे. तापवून द्रवात विझवलेलं पोलाद कडक होतं, आणि जुने लोहार पाण्यात काय काय मिसळत त्याच्या याद्या याहून फारशा वेगळ्या नव्हत्या. चर्मपत्राचंही तेच. कातडं नऊ दिवस चुन्यात ठेवायचं, खरवडायचं, चौकटीवर ताणून सावलीत वाळवायचं. ताणायचं राहिलं तर ते आकसून ढोलाच्या चामड्यासारखं कडक होतं आणि त्यावर लेखणी चालत नाही. पोथीकाराने चर्मकाराच्या कृतीत मंत्र पेरले, कृती मोडली नाही.

वेळेचं गणित हा या विद्येचा कणा, आणि नवखे चुकतात ते इथेच. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे बारा समान भाग आणि सूर्यास्त ते सूर्योदय यांचे बारा. वाराचा स्वामी पहिल्या होऱ्याचा मालक, पुढचा क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा फिरत राहतो. चोवीसला सातने भागलं की तीन उरतात, म्हणून रविवारच्या पहिल्या होऱ्यापासून मोजत गेलं तर पंचविसावा होरा चंद्राचा येतो आणि सोमवार उजाडतो. आपल्या पंचांगातल्या होऱ्यांचं कोष्टक याच गणिताचं आहे, दोघांचं मूळ भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या ज्योतिषात. फसगत होते ती घड्याळाचा साठ मिनिटांचा तास धरल्याने. मुंबईत ती फार जाणवत नाही, दिवसाचा होरा डिसेंबरात 55 मिनिटांचा आणि जूनमध्ये 66 मिनिटांचा. लंडनमध्ये मात्र जूनच्या मध्यावर तो 83 मिनिटांचा होतो आणि डिसेंबरात जेमतेम 39 मिनिटांचा. हिवाळ्यात दुपारी गुरूचा होरा धरून बसलेला माणूस केव्हाच शुक्रात गेलेला असतो, आणि रिंगणावर लिहिलेली नावं तोवर शिळी झालेली असतात.

कारण रिंगणात त्या होऱ्याचीच नावं लिहायची असतात. 'हेप्टामेरॉन' ही छोटी, नेमकी पोथी आबानोच्या पीटर या इटालियन वैद्याच्या नावावर खपवली गेली. तिच्यात तीन वर्तुळं सांगितली आहेत, बाहेरचं नऊ फूट व्यासाचं, दोन वर्तुळांमध्ये हातपंजाची रुंदी. मधल्या पट्ट्यात होऱ्याचं नाव, होऱ्याच्या देवदूताचं नाव आणि त्याची मुद्रा (म्हणजे त्याच्या खुणेची आकृती), वाराचा देवदूत आणि त्याचे सेवक, चालू ऋतूचं नाव, त्या ऋतूतल्या पृथ्वीचं, सूर्याचं आणि चंद्राचं नाव. वसंत म्हणजे ताल्वी, उन्हाळा कास्मारान, शरद आर्दाराएल, हिवाळा फार्लास. भटजी पूजेआधी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार म्हणून यजमानाला काळात नेमका बसवतात, तो संकल्पच इथे जमिनीवर खडूने लिहिला आहे. व्यवहाराची अडचण अशी, की दोन्हीकडचे पट्टे वजा जाता आत साडेसात-पावणेआठ फूट उरतात. त्यात मांत्रिक, त्याचे एक-दोन सोबती, पोथी, तलवार आणि कोळशाची शेगडी. घोळदार झग्याची कड खडूवर फिरली की अक्षरं पुसतात, आणि पुसलेल्या अक्षरांतून काय आत येतं याबद्दल पोथ्या गप्प बसत नाहीत. 'गोएतिया' ही भुतांच्या यादीची पोथी त्रिकोणाची सोय करते. रिंगणापासून दोन फुटांवर तीन फूट रुंदीचा त्रिकोण, आणि भूत त्यात उभं करायचं.

ते आलंच नाही तर? आवाहनाच्या पायऱ्या आहेत. आधी विनवणी, मग आज्ञा, मग त्याच्या राजाकडे तक्रार, आणि शेवटी शिक्षा. गोएतियातली शिक्षा मराठी वाचकाला गुदगुल्या करणारी आहे. भुताची मुद्रा काळ्या लाकडी पेटीत घालायची, सोबत गंधक आणि हिंग, पेटी लोखंडी तारेने बांधायची, तलवारीच्या टोकाला अडकवून निखाऱ्यावर धरायची. आमटीला ज्याच्यावाचून चव नाही तो हिंग तिथे भुताला पळता भुई थोडी करण्यासाठी आहे. हिंगातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा दर्प कोळशावर असह्य होतो हे मात्र खरंच, आणि भुताच्या आधी तो आतल्या माणसांच्या नाकात जातो.

इथे गंमत संपते. धूप हा या विधींतला सर्वांत धोकादायक भाग. हेप्टामेरॉन मंगळवारी मिरी, बुधवारी रुमी मस्तकी हा डिंक, गुरुवारी केशर आणि शनिवारी गंधक जाळायला सांगतं. आग्रिप्पा या जर्मन पंडिताने 1533 मध्ये कलोनला छापलेल्या मोठ्या ग्रंथात भुतं गोळा करण्यासाठी धने आणि अजमोद यांच्याबरोबर खुरासानी ओवा आणि हेमलॉक घातले आहेत, आणि ही शेवटची दोन सरळ विषं आहेत. पण माणसं मेली ती विषारी झाडपाल्यानेच असं नाही. 1715 च्या नाताळाच्या आदल्या रात्री जर्मनीतल्या येना गावाबाहेर, द्राक्षमळ्यातल्या एका खोपटात, एक विद्यार्थी आणि दोन शेतकरी धन मिळवण्यासाठी बसले. जवळ फाउस्ट या दंतकथेतल्या मांत्रिकाच्या नावाने फिरणारी मंत्रपोथी होती. थंडी कडाक्याची, दार बंद, आत भांड्यात कोळसे. दुसऱ्या दिवशी शेतकरी मेलेले सापडले, विद्यार्थी अर्धमेला. प्रेतांवर पहारा ठेवायला माणसं नेमली, तर त्याच खोपटात पुढच्या रात्री त्यांच्यातला एक मेला. सैतानाचा हात याहून स्पष्ट तो काय! धर्मपंडितांनी तसंच म्हटलं. हाले विद्यापीठातल्या फ्रीडरिश होफमान या वैद्याने 1716 मध्ये लिहिलं की हा कोळशाच्या धुराचा प्रताप आहे. कार्बन मोनॉक्साइड हा वायू म्हणून ओळखला जायला अजून पाऊण शतकाहून जास्त अवकाश होता. त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, छाती दडपते, भास होतात, पायातलं बळ जातं. पोथ्यांतली 'भूत जवळ आल्याची' लक्षणं वाचताना शेगडी कुठे ठेवली होती हे विचारण्याची सवय येनापासून लावून घ्यावी. पहारेकरी मेल्यावरही ती शेगडी कुणाला दिसली नाही, एवढा पोथीचा दरारा.

आता तेल. 'अब्रामेलिन' ही पोथी बाकीच्यांपेक्षा गंभीर. तिच्यात रिंगण नाही, घाईही नाही, फक्त दीर्घ एकांत आणि प्रार्थना. मॅदर्स या इंग्रज जादूगाराने ती पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयातल्या फ्रेंच हस्तलिखितावरून 1898 मध्ये इंग्रजीत छापली, आणि तिच्यात साधना सहा महिन्यांची आहे. जर्मन हस्तलिखितांत ती अठरा महिन्यांची. नकलांच्या प्रवासात कुठेतरी वर्षभर गळालं. मॅदर्सच्या तेलाचं प्रमाण असं: हिराबोळ एक भाग, दालचिनी दोन भाग, कुलिंजन अर्धा भाग, आणि या सगळ्याच्या वजनाच्या निम्मं ऑलिव्हचं तेल. बायबलात निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाचं तेल आहे, त्यात हिराबोळ आहे, दालचिनी आहे, ऑलिव्हचं तेल आहे, पण कुलिंजन नाही. तिथे कॅलमस आहे, जर्मन प्रतींतही कॅलमसच. म्हणजे आपलं वेखंड, निदान युरोपातले औषधी दुकानदार कॅलमस म्हणून जे देत ते. फ्रेंच नकलाकाराने एका सुगंधी मुळाच्या जागी दुसरं सुगंधी मूळ बसवलं. गेली सव्वाशे वर्षं इंग्रजी वाचणारे साधक ती चूक पवित्र मानून कपाळाला लावत आहेत. दुसरी अडचण दालचिनीची. आजचे लोक मूळ साल कुटून तेलात मुरवण्याऐवजी बाटलीतलं अर्क-तेल याच प्रमाणात घेतात, आणि दालचिनीचं अर्क-तेल इतक्या मात्रेत कातडी भाजून काढतं. अंगावर आलेला दाह हा देवदूताचा स्पर्श समजणारेही आहेत.

वेखंड आणि कुलिंजन यांत घोळ होऊ नये म्हणून ज्याने कष्ट घेतले तो माणूस गोव्यात राहत होता. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याचे औषधींवरचे संवाद 1563 मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात कॅलमसवर वेगळा संवाद आहे, कुलिंजनावर वेगळा, ऊद, अगर, कोष्ठ यांवरही. कुलिंजनाच्या चीनकडच्या बारीक आणि जावाकडच्या मोठ्या अशा दोन जाती तो बाजारात बघून सांगतो. युरोपातला मांत्रिक ज्या मुळांचा धूर काढत होता त्यांतली कितीतरी याच किनाऱ्यावरच्या वखारींतून जात होती, पण ऑर्टाचं पुस्तक त्याच्या हाती असतं तरी त्याने ते उघडलं असतं असं वाटत नाही. त्याला मुळापेक्षा मुळाचं नाव महत्त्वाचं. ऑर्टा 1568 मध्ये वारला. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्याच्या इन्क्विझिशनने 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

शाईच्या कृतीत नकलाकाराचा हात आणखी उघडा पडतो. मायफळ दहा औंस, 'रोमन व्हिट्रिऑल किंवा हिराकस' तीन औंस, 'तुरटी किंवा बाभळीच्या जातीचा डिंक' तीन औंस, नव्या मडक्यात नदीच्या पाण्याबरोबर, आणि जाळायला सेंट जॉनच्या पूर्वसंध्येला तोडलेला नेचा. मायफळ आणि हिराकस यांचं तीनास एक हे प्रमाण शाई करणाऱ्यांच्या पसंतीचं, तिथे खोट नाही. हिराकस जास्त झाली तर शाई आम्ल होते आणि काही पिढ्यांनी कागद अक्षरांच्या आकारात गळून पडतो. खोट आहे ती दोन 'किंवां'मध्ये. रोमन व्हिट्रिऑल हे नाव मोरचुदालाही लावत, आणि मोरचुदाने हवा तसा काळा रंग उतरत नाही. डिंक शाईला लेखणीवर धरून ठेवतो, तुरटी ते काम करत नाही, उलट आम्लता वाढवते. ज्याने स्वतः शाई केली तो असं लिहिणार नाही. हे दोन वेगळ्या कागदांवरून एकाच ओळीत उतरवणाऱ्याचं काम आहे. आपल्याकडचे लेखक पोथीच्या शेवटी लिहून मोकळे होत: यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते. ग्रिम्वारच्या नकलाकाराला ही सूट नव्हती, कारण एक अक्षर चुकलं तर भूत येत नाही असं त्याचीच पोथी सांगत होती. आणि चुकत तर प्रत्येकजण होता.

चुकांवरूनच पोथ्यांची कुळी लागते. त्यातली सर्वांत सुरेख कथा योहान वायर या वैद्याची. चेटकिणी म्हणून जाळल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या खरं तर मनाने आजारी आहेत हे सांगण्यासाठी त्याने 1563 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. 1577 च्या आवृत्तीला त्याने 69 भुतांची यादी जोडली, मांत्रिकांचा पोकळपणा जगाला दिसावा म्हणून. कुणी प्रयोग करून बघू नये यासाठी मधला काही मजकूर मुद्दाम गाळला आणि तसं सांगितलंही. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रेजिनल्ड स्कॉटनेही चेटूक-खटल्यांविरुद्धच 1584 मध्ये पुस्तक लिहिलं आणि वायरची यादी इंग्रजीत आणली. वायरच्या यादीत चौथ्या जागी प्रुफ्लास नावाचं भूत आहे. स्कॉटच्या यादीत ते नाही. उरले 68. पुढे 17व्या शतकातली गोएतिया बघा: भुतं 72, देवाच्या 72 नावांशी जमणारी. त्यातले वास्सागो, सेरे, दांतालिओन आणि आंद्रोमालिउस हे चार नवे, बाकीचे जुने 68, आणि प्रुफ्लास गायबच. म्हणजे शलमोन राजाच्या नावाची ही यादी थेट स्कॉटच्या छापील पानावरून किंवा त्याच्या सख्ख्या भावंडावरून उतरवलेली. जादूची टर उडवण्यासाठी छापलेलं पुस्तक जादूगारांनी प्रमाणग्रंथ म्हणून वापरलं, आणि 1665 मध्ये स्कॉटच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी मंत्रविधींची खरी प्रकरणं घुसडून उरलीसुरली कसर भरून काढली.

छापखाना आल्यावर दर्जा घसरला, त्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. 'होनोरिउसची शपथपोथी' सांगते की तिच्या तीनच प्रती असाव्यात आणि योग्य वारस नसेल तर मालकाबरोबर पुराव्यात. तिची 14व्या शतकातली एक प्रत जॉन डी आणि बेन जॉन्सन यांच्या हातून फिरून ब्रिटिश ग्रंथालयात पोचली आहे. त्याउलट 18व्या-19व्या शतकात फ्रेंच फेरीवाले स्वस्त पुस्तिका विकत. त्यांतल्या 'ग्रिमोरिउम वेरुम'वर छपाईचं ठिकाण मेम्फिस आणि साल 1517 असं धडधडीत खोटं लिहिलेलं. कळस केला तो शिकागोच्या दलॉरेन्सने. त्याने 'हिंदू जादू' म्हणून जाडजूड पुस्तक विकलं, आणि त्यातला मोठा भाग 1801 मध्ये लंडनला छापलेल्या बॅरेटच्या इंग्रजी पुस्तकातून उचललेला. जत्रेत 'असली बृहत् इंद्रजाल' विकणाऱ्याला हा माणूस सहज गुरू शोभला असता.

ज्याला हे सगळं वाचायचं आहे त्याने 'शलमोनाची किल्ली' मॅदर्सच्या 1889 च्या आवृत्तीत वाचायला हरकत नाही, पण ती सात हस्तलिखितं एकत्र करून बेतलेली आहे हे ध्यानात ठेवून. काळ्या जादूकडे झुकणारे एक-दोन प्रयोग त्याने गाळले, आणि मुद्रांवरचं मोडकं हिब्रू स्वतःच्या ज्ञानाने दुरुस्त केलं. त्यामुळे 1889 च्या आधी एकाही मांत्रिकाच्या हातात नेमकी ही पोथी नव्हती. गोएतिया वाचायची तर जोसेफ पीटरसनच्या संपादनात वाचावी, तिथे हस्तलिखितांतले फरक तळटिपांत आहेत. आणि दोन्ही वाचताना शेजारी वायरची लॅटिन यादी उघडी असू द्यावी, निदान पहिली पाच नावं तरी: बाएल, आगारेस, मार्बास, प्रुफ्लास, आमोन.